सरपंचपदाच्या पुढे

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या लोणी काळभोरमध्ये ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. 73व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा दिल्या, 2011 मध्ये महाराष्ट्राने ते प्रमाण निम्म्यावर नेले, आणि हवेली तालुक्यात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा आता कोणाला त्याचे नवल वाटत नाही. याच गावातले मतदार लोकसभेसाठी शिरूर मतदारसंघात मतदान करतात. 2008च्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ झाला. त्यानंतरच्या चारही निवडणुकांत तिथून पुरुषच निवडून गेले, दोनदा शिवाजीराव आढळराव पाटील आणि दोनदा अमोल कोल्हे. शेजारी पुण्यात तर जुनी गोष्ट आहे. 1952च्या पहिल्या लोकसभेत पुणे दक्षिणमधून इंदिरा मायदेव निवडून गेल्या होत्या. त्यानंतर सात दशके उलटली, पण काकासाहेब गाडगीळ, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी, मोहन धारिया अशी मोठी नावे संसदेत पाठवणाऱ्या या शहराने एकाही महिलेला लोकसभेत पाठवले नाही. बाईला देशाचे राजकारण झेपेल का, हा प्रश्न इंदिरा गांधींनंतर कोणी उघडपणे विचारत नाही. विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. गावचा कारभार करणाऱ्या शेकडो महिलांपैकी एखादी दिल्लीच्या वाटेला का लागत नाही, आणि ती नेमकी कुठे अडते? ती मतदाराच्या दारात अडत नाही, असे माझे म्हणणे आहे. ती अडते त्याच्या बरीच अलीकडे. आमच्या भागात जिथे नेते घडतात त्या कारखान्याच्या, बँकेच्या आणि बाजार समितीच्या संचालक मंडळात तिला जागा नाही, आणि त्या जागेचे मूळ सातबाऱ्यात आहे.

आधी मतदाराबद्दल बोलू, कारण तिकीट नाकारताना त्याचेच नाव पुढे केले जाते. ‘आमची तयारी आहे हो, पण लोक बाईला मत देत नाहीत’, हे वाक्य पक्षकार्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. 2024च्या लोकसभा निवडणुकीत आठ हजारांहून अधिक उमेदवार उभे होते, त्यांत महिला सुमारे 800, म्हणजे दहा टक्क्यांच्याही आत. निवडून आलेल्या 543 जणांत महिला 74, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. उमेदवारीतल्या वाट्यापेक्षा विजयातला वाटा मोठा आहे. अनामत घालवणाऱ्या अपक्षांत पुरुषांची गर्दी असते आणि त्यामुळे पुरुषांचे यश कमी दिसते, हा आक्षेप खरा आहे आणि तो जमेस धरायला हवा. पण तो धरूनही मतदार बाईला पाडायला बसला आहे असा निष्कर्ष या आकड्यांतून कोणत्याही बाजूने निघत नाही. महाराष्ट्रातून 48 पैकी सात महिला गेल्या. सोलापूरहून प्रणिती शिंदे, रावेरहून रक्षा खडसे, जळगावहून स्मिता वाघ, धुळ्याहून शोभा बच्छाव, चंद्रपूरहून प्रतिभा धानोरकर, मुंबईतून वर्षा गायकवाड, बारामतीतून सुप्रिया सुळे. शहर, दुष्काळी पट्टा, केळीचा मुलूख, कोळशाच्या खाणी, असा सगळा महाराष्ट्र या यादीत आहे. बारामतीत तर मुख्य लढत दोन महिलांमध्ये होती. तिथला मतदार बाईला मत द्यावे की नाही या पेचात पडला नव्हता, कोणत्या बाईला द्यावे हे तो ठरवत होता. ओडिशात बिजू जनता दलाने 2019 मध्ये 21 पैकी सात उमेदवाऱ्या महिलांना दिल्या आणि त्यांतल्या पाच जणी निवडून आल्या. ज्याने तिकीट दिले त्याला मत मिळाले, इतके हे सरळ आहे.

इतिहासही याला साक्ष आहे, आणि तो लांब शोधायला नको. हवेली तालुक्यातच दोन जागा आहेत. सिंहगडावर मार्च 1700 मध्ये छत्रपती राजाराम महाराज गेले. औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून होता, आणि गादीवर बसवायला लहान मूल उरले होते. अशा वेळी ताराबाईंनी कारभार हाती घेतला. पुढची सात वर्षे, औरंगजेब मरेपर्यंत, मराठ्यांच्या फौजा थेट माळवा-गुजरातपर्यंत धडका देत होत्या, आणि शत्रूच्या बाजूने लिहिणाऱ्या खाफीखानालाही तिच्या कर्तबगारीची दखल घ्यावी लागली. दुसरी जागा लोणी काळभोरहून हाकेच्या अंतरावर, थेऊरला. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थोरले माधवराव पेशवे तिथे वारले आणि रमाबाई सती गेल्या. नदीकाठी त्यांचे वृंदावन आहे आणि चिंतामणीच्या दर्शनाला येणारी माणसे तिथे हात जोडतात. दोन्ही स्त्रिया विधवा झाल्या, दोघींच्या वेळी राज्य संकटात होते. रमाबाईंच्या दुःखाचा अवमान करण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्यापुढे त्या काळाने फारसे दुसरे दार ठेवले नव्हते. पण आपल्या लोकस्मृतीने काय केले ते पाहण्यासारखे आहे. थेऊरच्या रमाबाई घराघरांत पोचल्या, रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने त्यांना पिढ्यांच्या मनात बसवले. सिंहगडावर जाणाऱ्याला मात्र तानाजी मालुसरे ठाऊक असतात, राजाराम महाराजांची समाधीही दिसते, पण त्या मृत्यूनंतर ज्या बाईने सात वर्षे साम्राज्याशी झुंज दिली तिचा विचार किती जणांच्या मनात येतो? राज्य चालवणारी बाई आपल्याला अपरिचित नाही. आपण तिला आणीबाणीची सोय म्हणून मान्य केले, रीत म्हणून नाही.

वारसाने आलेली सत्ता आणि स्वतः मिळवलेली सत्ता यांतला फरक इथे महत्त्वाचा ठरतो, आणि मराठी मुलखात दोन्हींची उदाहरणे आहेत. गोव्यात दयानंद बांदोडकर 1973 मध्ये वारले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. वडिलांच्या जागी मुलगी, असे कोणी म्हणेल. पण 1977च्या निवडणुकीत त्यांनीच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला विजय मिळवून दिला आणि 1979 पर्यंत राज्य केले. 1960 पासून आजवर महाराष्ट्राला एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही, हे त्या शेजारी आणखी टोचते. प्रतिभा पाटील 1962 मध्ये विधानसभेत आल्या, मंत्री झाल्या, विरोधी पक्षनेत्या झाल्या, पुढे राज्यसभेच्या उपसभापती, राज्यपाल आणि 2007 मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. राष्ट्रपती भवनापर्यंत त्यांना जाता आले. मुंबईत मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर मात्र बसता आले नाही. चिपळूणमध्ये जन्मलेल्या सुमित्रा महाजन लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या इंदूरमधून सलग आठ वेळा निवडून येऊन. अहिल्याबाईंच्या इंदूरने मराठी मुलीला जे दिले ते कोकणाने किंवा पुण्याने तिच्या पिढीतल्या एखादीला द्यायला हवे होते.

आणि मग मृणाल गोरे. माझ्या मते या विषयावरचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण त्यांचेच आहे, म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबतो. 1950च्या दशकात गोरेगाव हे मुंबईबाहेरचे गाव होते आणि मृणालताई तिथल्या ग्रामपंचायतीत निवडून आल्या. तिथून 1961 मध्ये मुंबई महापालिका, 1972 मध्ये विधानसभा, आणि आणीबाणीतल्या तुरुंगवासानंतर 1977 मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभा. ग्रामपंचायत ते संसद असा प्रवास पायरी न गाळता केलेली ही बाई. तिच्यापाशी घराणे नव्हते, साखर कारखाना नव्हता, पतीच्या अकाली निधनानंतर मागे उभे राहणारे वजनदार नावही नव्हते. तिच्यापाशी पाणी होते, म्हणजे पाण्याचा प्रश्न होता. नळाला पाणी येत नाही म्हणून हंडे घेऊन महापालिकेवर जाणाऱ्या बायकांनी तिला ‘पाणीवाली बाई’ केले. 1972 मध्ये महागाईविरोधात मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी निघाली, त्यात मृणालताई, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र होत्या. अहिल्याताई 1977 मध्ये, तर प्रमिलाताई 1980 मध्ये लोकसभेत गेल्या. एका शहरातून, एका चळवळीच्या वर्तुळातून, तीन वर्षांत तीन खासदार. त्यांना घडवणारी जी व्यवस्था होती ती मोर्चा, युनियन, वॉर्डातली समिती, महापालिका अशी होती, आणि तिच्यात शिरायला जमीन लागत नव्हती.

ग्रामीण पश्चिम महाराष्ट्रात नेता घडतो तो वेगळ्या ठिकाणी, आणि इथेच माझ्या मते गाठ आहे. लोणी काळभोर, थेऊर, उरुळी कांचन या पट्ट्यात राजकारण शिकण्याची शाळा ग्रामपंचायत कधीच नव्हती. ती शाळा म्हणजे विकास सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँक, बाजार समिती, दूध संघ आणि कारखाना. कोणाला पीककर्ज वेळेवर मिळते, कोणाची उसाची तोड आधी येते, कोणाच्या पोराला नोकरी लागते, हे तिथे ठरते. म्हणून निवडणुकीत गाडीत पेट्रोल घालणारी आणि बूथ सांभाळणारी माणसे तिथूनच निघतात. थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना गेली कितीतरी वर्षे बंद आहे. तरीही 2024 मध्ये त्याच्या संचालक मंडळाची निवडणूक झाली तेव्हा पूर्व हवेलीत पॅनेलला पॅनेल भिडले. चिमणीतून धूर निघत नसलेल्या कारखान्याचे संचालकपद एवढे मोलाचे का, याचे उत्तर ज्याला कळते त्याला तालुक्याचे राजकारण कळते. आता त्या मंडळात महिला किती? सहकार कायद्याप्रमाणे संचालक मंडळ जास्तीत जास्त 21 जणांचे आणि त्यात महिलांच्या राखीव जागा दोन. ग्रामपंचायतीत निम्म्या, कारखान्यात 21 पैकी दोन. जिथे दिव्याचे खांब आणि गटारे आहेत तिथे आपण बाईला अर्धा वाटा दिला. जिथे पैसा, कर्ज आणि माणसे बांधून ठेवण्याची ताकद आहे तिथे दोन खुर्च्या कोपऱ्यात मांडल्या.

त्या दोन खुर्च्यांच्याही मागे एक कागद आहे. कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायचे तर जमीन हवी, ऊस हवा, आणि त्यासाठी सातबाऱ्यावर नाव हवे. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. केंद्राला ते करायला 2005 उजाडले. 1994 मध्येच राज्याने महिला धोरणही आणले. कागदावर आपण देशाच्या पुढे होतो. प्रत्यक्षात वडील वारले की तलाठ्याकडे वारसनोंद होते, बहिणींची नावे चढतात, आणि थोड्याच दिवसांत भाऊ गाडी घेऊन बहिणीच्या सासरी जातो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र तयार असते. साडी, जेवण, कधी थोडे पैसे, आणि अंगठा किंवा सही. पुण्याच्या वाढीने लोणी काळभोर, कदमवाकवस्तीच्या रानाचा भाव एकराऐवजी गुंठ्यावर आल्यापासून हे काम आणखी घाईने उरकले जाते. बहीण सही करते, कारण माहेर तुटण्याची भीती तिला जमिनीपेक्षा मोठी वाटते. शरद जोशींनी हे ओळखले होते. 1986च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली, शेतकऱ्यांनी स्वखुशीने जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करावा म्हणून. अनेकांनी केलाही. पण त्यातला राजकीय अर्थ आपण पुरता ओळखला नाही. सातबाऱ्यावरून नाव गेले की सोसायटीचे मत जाते, मत गेले की संचालकपद जाते, आणि संचालकपदाशिवाय आमदारकीच्या तिकिटासाठी उभे राहणाऱ्याला आमच्याकडे ‘मागे कोण आहे?’ असे विचारतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या बायका आणून काय झाले, सह्या बाईच्या आणि कारभार सरपंचपतीचा, तेच वर कारखान्यात आणि लोकसभेत होईल. सरपंचपती आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. ग्रामसभेत बाई पहिल्या खुर्चीवर आणि उत्तरे मागच्या रांगेतून, हे दृश्य कोणत्याही तालुक्यात सापडेल. पण यामागचे एक कारण आरक्षणाच्या रचनेतच आहे. जागा फिरती असल्यामुळे जी बाई पाच वर्षांत ग्रामनिधीचा हिशेब, निविदा, पंचायत समितीचे हेलपाटे शिकते, तिची जागा पुढच्या खेपेला खुली होते आणि पक्ष तिला घरी पाठवतो. शिकलेली बाई घरी आणि नवखी खुर्चीवर, असे चक्र आपणच लावले आहे. तरीही जिथे तपासून पाहिले तिथे निष्कर्ष निराशेचा नाही. मुंबई महापालिकेचे वॉर्ड अभ्यासून रिखिल भावनानी यांनी 2009 मध्ये दाखवले की 1997 मध्ये महिलांसाठी राखीव असलेले वॉर्ड 2002 मध्ये खुले झाले, तेव्हा तिथे बाई निवडून येण्याची शक्यता, कधीच राखीव नसलेल्या वॉर्डांच्या मानाने जवळपास पाचपट होती. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती पाहिल्या, तर बाई प्रमुख असली की गावातल्या बायका ज्यांची तक्रार करतात त्या गोष्टींवर, विशेषतः पाण्यावर, खर्च वाढलेला दिसला. आणि आपल्याच जिल्ह्यात बारामती तालुक्यातल्या निंबुतने 1960च्या दशकात, कोणतेही आरक्षण नसताना, सगळ्या महिलांची ग्रामपंचायत चालवून पाहिली होती. बाहुली म्हणून आलेली प्रत्येक बाई बाहुलीच राहते, हे गृहीतक इतक्या पुराव्यापुढे टिकत नाही.

दुसरा आक्षेप घराण्यांचा. संसदेत ज्या बायका जातात त्या कोणाच्या तरी मुली, सुना, बायका असतात. जागा वाढवल्या की घराण्यांचीच भर होईल. वर दिलेल्या सात नावांतल्या बहुतेकींच्या मागे राजकीय घर आहे, हे मान्य. पण हाच आरोप पुरुषांवर कोणी का ठेवत नाही? महाराष्ट्राच्या विधानसभेत बाप-आजोबांच्या मतदारसंघातून आलेले पुरुष मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल. फरक एवढाच की घराण्याबाहेरच्या पुरुषाला कारखान्यातून, सोसायटीतून, कंत्राटातून वर येण्याची वाट असते, आणि घराण्याबाहेरच्या बाईला ती नसते. म्हणजे घराणेशाही हा महिला आरक्षणाचा परिणाम नाही. सहकाराचे दार बंद असल्यामुळे बायकांना उरलेले एकमेव दार म्हणजे घर. शारदाबाई पवार 1938 मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या तेव्हा त्यांच्या मागे कोणतीही राजकीय पुण्याई नव्हती. पवार घराण्याचा उगम त्यांच्यापासून धरावा लागतो. अशा पहिल्या पिढीच्या बायका आज तालुक्यात नाहीत असे नाही. त्या बचत गटांत आहेत, बँकेचे हप्ते वेळेवर फेडतात, शंभर बायकांची सभा घेऊ शकतात, आणि निवडणुकीच्या दिवशी त्यांना इतरांच्या प्रचाराला बोलावले जाते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. इंदिरा गांधी सोळा वर्षे पंतप्रधान होत्या, त्यांनी बायकांसाठी काय केले? श्रीलंकेत 1960 मध्येच सिरिमावो बंदारनायके जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, बांगलादेशाने खालिदा झिया आणि शेख हसीना पाहिल्या, म्हणून तिथल्या बायकांचे राज्य आले काय? नाही आले. पण यातून उलटाच धडा निघतो. एकटी बाई शिखरावर आणि तिच्या खाली सगळे पुरुष, अशी रचना असली की तिला पुरुषांच्या रीतीनेच राज्य करावे लागते, आणि ती गेली की मागे काही उरत नाही. इंदिराजींच्या मंत्रिमंडळांत आणि पक्षात त्यांच्या जोडीच्या उंचीची दुसरी बाई उभी राहिली नाही. नॉर्वेत ग्रो हार्लेम ब्रुंटलांड 1981 मध्ये पंतप्रधान झाल्या. 1986च्या त्यांच्या मंत्रिमंडळात 18 पैकी आठ महिला होत्या, कारण तिथल्या मजूर पक्षाने मधल्या काळात स्वतःच्या पक्षात किमान 40 टक्क्यांचा नियम लावून घेतला होता. तो कायद्याने लादला नव्हता. पक्षाने तो स्वतः मान्य केला होता. त्यामुळे ब्रुंटलांड गेल्यावरही वाट बंद झाली नाही. शिवाय, बाईने सत्तेत येऊन बायकांचेच भले केले पाहिजे ही अटही अन्यायाची आहे. पुरुष खासदाराला आपण पुरुषांसाठी काय केले असे विचारत नाही. ती निम्म्या नागरिकांपैकी एक आहे, एवढे कारण तिला पुरेसे असले पाहिजे.

2023 मध्ये 106व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव करण्याचे ठरले, पण अंमल जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडला गेला. प्रमिला दंडवते आणि गीता मुखर्जी ज्यासाठी 1990च्या दशकात झटल्या ते कागदावर यायला पंचवीसहून अधिक वर्षे लागली, याचे दुःख आहेच. मला चिंता वाटते ती मात्र त्यानंतरची. कधीतरी शिरूर मतदारसंघ महिलांसाठी राखीव होईल. त्या दिवशी पक्षांच्या बैठकीत जी यादी पुढे येईल ती आज हवेली, शिरूर, खेड, जुन्नरच्या संस्थांमध्ये कोण बसले आहे त्यावरून बनेल. तिथे बाई नसेल तर यादीत संचालकांच्या बायका असतील, आणि मग आपण पुन्हा ‘बघा, आरक्षणाने घराणीच आली’ म्हणू. म्हणून सहकार कायद्यातल्या त्या दोन जागांचे प्रमाण ग्रामपंचायतीइतके, निम्मे, करावे ही मागणी लोकसभेच्या आरक्षणाइतकीच निकडीची आहे. आणि सभासदत्व फक्त ज्याच्या नावे जमीन त्यालाच, ही अट सैल करून शेतात राबणाऱ्या बाईला सहसभासद करून घ्यावे. हक्कसोडपत्र नोंदवण्याआधी बहिणीला, भावाच्या अनुपस्थितीत, तिचा हिस्सा किती आणि त्याचा आजचा भाव किती हे सांगणे दुय्यम निबंधकाला बंधनकारक करता येईल. त्याला ना पैसा लागतो ना घटनादुरुस्ती. पक्षांना यासाठी कायद्याची वाटही पाहायला नको. यशवंत कारखान्याच्या पुढच्या निवडणुकीत जे पॅनेल 21 पैकी दहा बायका उभ्या करील, त्याच्या नेत्याने तालुक्यात हसे होण्याची भीती बाळगू नये. थेऊर-लोणीच्या रानात ऊस लावणारे, खुरपणारे आणि पाणी देणारे हात कोणाचे आहेत हे तिथल्या प्रत्येक सभासदाला ठाऊक आहे.